चावीतला सेल बदलताना

गाडीपाशी उभं राहून रिमोटचं बटण दाबावं आणि गाडीने ओळखच दाखवू नये, असा अनुभव आता पुष्कळ घरांत येऊन गेलेला असतो. दिवे लुकलुकत नाहीत, कुलूप उघडत नाही. पुन्हा दाबायचं, काचेजवळ नेऊन दाबायचं, अंगठा दुखेपर्यंत दाबायचं. चौथ्या-पाचव्या वेळी कधीतरी ‘टक’ असा आवाज होतो आणि आपण अल्हम्दुलिल्लाह म्हणून गाडीत बसतो. काम भागलं, की विषय पुढच्या वेळेवर जातो.

या महिन्यात हाच विषय घेऊ या. रिमोट चावीतला सेल बदलणं हे दहा मिनिटांचं काम आहे. त्यासाठी गाडी गॅरेजला न्यायची गरज नसते. घरातली अम्मी, कॉलेजला जाणारी मुलगी किंवा दादाजान, कुणीही ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर करू शकतं. पण या कामाचा एक भाग कुणी दाखवत नाही. नवा सेल बसला, दिवा लागला, की सगळे खूश होऊन उठतात आणि जुना सेल टेबलावरच राहतो. ज्या घरात रांगतं किंवा चालायला लागलेलं लेकरू आहे, तिथे हा शेवटचा भाग बाकी सगळ्यापेक्षा मोठा आहे. म्हणून आधी काम समजून घेऊ आणि मग त्या जुन्या सेलाकडे येऊ. कृपा करून लेख अर्ध्यावर ठेवू नका.

सेल उतरल्याच्या खुणा

सेल एकदम मरत नाही, आधी सांगून जातो. पूर्वी दुसऱ्या मजल्यावरून गाडी उघडायची, आता चार पावलांवर जावं लागतं. एकदा दाबून होणारं काम दोन-तीनदा दाबून होतं. रिमोटवर बारीक लाल दिवा असेल तर तो मंद होतो. बटण दाबून सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये तर समोरच्या पट्टीवर चावीची बॅटरी कमी असल्याची सूचनाच येते. हिवाळ्यात फजरला निघताना रिमोट चालत नाही आणि दुपारी चालतो, हीही उतरत्या सेलाची खूण आहे. थंडीत सेलाची ताकद कमी पडते.

साधारणपणे असा सेल दोन ते चार वर्षं टिकतो. पण खिशात ठेवूनच गाडी उघडते अशी ‘स्मार्ट’ चावी असेल तर तो लवकर संपतो, कारण ही चावी सतत गाडीची हाक ऐकत असते. गाडी दाराशीच उभी असेल आणि चावी भिंतीपलीकडच्या खिळ्याला लटकत असेल, तर त्या दोघांची कुजबूज दिवसभर चालू राहू शकते. अशी चावी गाडीपासून थोडी लांब, आतल्या खोलीत ठेवलेली बरी.

वाटेत सेल पूर्ण संपला तर

गाडीत दवाखान्यातून आणलेली अम्मी आहे, सोबत लहान मूल आहे, आणि चावी चालत नाही. अशा वेळी घाबरून काच फोडायची किंवा मेकॅनिकला पन्नास किलोमीटरवरून बोलवायची गरज नाही. दोन गोष्टी माहीत असल्या की पुरे.

पहिली गोष्ट कुलपाची. बहुतेक स्मार्ट चाव्यांच्या पोटात एक साधी लोखंडी चावी लपवलेली असते. रिमोटच्या कडेला एक छोटा खटका असतो. तो सरकवून ओढलं की ती बाहेर येते. चालकाच्या बाजूच्या दारात तिचं भोक असतं. काही गाड्यांत ते हँडलजवळच्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली दडलेलं असतं. अशा चावीने दार उघडल्यावर गाडी भोंगा वाजवू शकते. चोर आल्याचा तिचा समज होतो, एवढंच. गाडी सुरू झाली की तो बंद होतो.

दुसरी गोष्ट इंजिनाची. चावीत सेलाशिवाय आणखी एक बारीक चिप असते. तिला सेल लागत नाही. गाडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून निघणाऱ्या लहरींवरच ती तेवढ्यापुरती जागी होते आणि आपली ओळख पटवते. म्हणून चावी फिरवून सुरू होणारी गाडी सेल संपला तरी सुरू होते. पुश बटणाच्या गाडीत रिमोट त्या बटणाला अगदी चिकटवून धरायचा, किंवा बोटाऐवजी रिमोटनेच बटण दाबायचं. काही गाड्यांत रिमोट ठेवायची जागा वेगळी असते. गाडीच्या पुस्तिकेत ती चित्रासह दिलेली असते.

हे दोन्ही प्रयोग घरी, दिवसाउजेडी, एकदा करून पाहावेत. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवावेत. रात्री अकरा वाजता घाटात पुस्तिका वाचायची वेळ कुणावर येऊ नये.

कोणता सेल आणायचा

चावीत असतो तो नाण्यासारखा चपटा, गोल सेल. दुकानदार त्याला बटन सेल किंवा कॉइन सेल म्हणतात. त्याच्या चकचकीत पाठीवर इंग्रजीत आकडा कोरलेला असतो. सर्वांत जास्त दिसतो तो सीआर २०३२. काही चाव्यांत सीआर २०२५, सीआर २०१६, सीआर १६२० किंवा जाडजूड सीआर २४५० असतो.

हे आकडे समजायला सोपे आहेत. पहिले दोन अंक सेलाची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात आणि शेवटचे दोन जाडी. २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. २०२५ तेवढाच रुंद, पण जाडी २.५ मिलिमीटर. म्हणून दुकानात ‘हा नाही, पण हाही बसेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पातळ सेल आत हलत राहतो आणि जाड सेल बसवताना झाकण बंद होत नाही किंवा पत्रा वाकतो. ‘सीआर’ या अक्षरांचा अर्थ ३ व्होल्टचा लिथियम सेल. ‘एलआर’ अक्षरांचे सेल दीड व्होल्टचे असतात, ते इथे चालत नाहीत. ‘एलआयआर’ अक्षरांचे सेल पुन्हा चार्ज होणारे असतात आणि त्यांचा दाब जास्त असतो, तेही घालू नयेत.

घड्याळवाल्याकडे, मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात हा सेल मिळतो. चांगल्या कंपनीचा, बंद पाकिटातला घ्यावा आणि पाकिटावरची मुदत पाहावी. डब्यात सुटे ठेवलेले सेल घेऊ नयेत. ते एकमेकांना घासून दुकानातच उतरलेले असतात. एका गाडीला दोन चाव्या असतात आणि कपाटातली दुसरी चावीही वापराविना उतरत असते. तेव्हा दोन्हींचे सेल एकदमच बदलावेत. पण दोनाऐवजी पाच आणून ड्रॉवरमध्ये टाकू नका. त्याचं कारण पुढे येतंच.

बदलायचा कसा

लेकरं झोपलेली असताना किंवा शाळेत असताना हे काम करावं. हात धुऊन कोरडे करावेत. टेबलावर एक फिक्या रंगाचं फडकं अंथरावं, म्हणजे बारीक स्क्रू पडला तर दिसतो.

आधी आतली लोखंडी चावी ओढून काढा. ती निघाली की त्या जागी किंवा कडेच्या सांध्यात एक छोटी खाच दिसते. तिच्यात चपटा पेचकस घालून हलकेच पिळायचा. पेचकसाच्या टोकाला फडक्याचा एक पदर गुंडाळला तर प्लॅस्टिकवर ओरखडा उठत नाही. काही चाव्यांत नाणंही चालतं. जोर लावायचा नाही. एका जागी सुटत नसेल तर कडेकडेने सरकत जा. काही जुन्या पद्धतीच्या चाव्यांच्या पाठीवर बारीक स्क्रू असतो, तो आधी काढावा लागतो.

दोन शकलं सुटली की हात थांबवा आणि मोबाइलवर फोटो काढा. सेलाची कोणती बाजू वर आहे, रबराची पट्टी कशी बसली आहे, हे त्या फोटोत राहतं. सेलाच्या ज्या बाजूवर अधिकचं चिन्ह आणि आकडा असतो ती धन बाजू. ती वर की खाली, हे प्रत्येक चावीत वेगळं असतं.

जुना सेल काढायला लाकडी टूथपिक किंवा प्लॅस्टिकचा चमचा वापरा. लोखंडी चिमटा सेलाच्या दोन्ही बाजूंना एकदम लागला तर सेलाचं शॉर्ट सर्किट होतं. सेल निघाला की आधी त्याची सोय करा, मग पुढे जा. जवळ चिकटपट्टी आणि झाकणाची बरणी तयार ठेवलेली असावी. सेलाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, बरणीत टाका, झाकण घट्ट लावा आणि ती वरच्या फळीवर ठेवून या. हे नंतर करू म्हटलं की राहून जातं.

आता नवा सेल. तो कडेने धरावा, कारण बोटांचा ओलावा आणि तेल पृष्ठभागावर राहतं. आतल्या हिरव्या पट्टीला आणि पितळेच्या पात्यांना बोट लावू नका. सेल बसवा, फोटोशी ताडून पाहा, रबराची पट्टी जागेवर आहे का बघा. ती पट्टी पाणी आणि घाम आत जाऊ देत नाही. मग दोन्ही शकलं जुळवून चारही बाजूंनी दाबा. सगळीकडून ‘टक’ आवाज आला पाहिजे. कुठे फट राहिली तर पुन्हा उघडून बसवा.

बहुतेक गाड्यांत सेल काढला म्हणून चावी गाडीला विसरत नाही. ओळखीचा संकेत सेलावर अवलंबून नसतो. मोजक्या गाड्यांत ओळख पुन्हा करून द्यावी लागते, त्याची रीत पुस्तिकेत असते.

बदलूनही चालत नसेल

आधी सेल उलटा बसला नाही ना, ते पाहा. मग त्यावरचा पारदर्शक कागद काढायचा राहिला नाही ना, ते बघा. धातूची पाती दबून सपाट झाली असतील तर टूथपिकने अगदी किंचित उचला. हल्ली काही कंपन्या सेलावर कडू चवीचा थर देतात. लेकराने तोंडात घातला तर त्याने थुंकावं, म्हणून. हेतू चांगला आहे, पण काही उपकरणांत त्या थरामुळे वीज नीट पोचत नाही. दुसऱ्या कंपनीचा सेल लावून पाहावा. एवढं करूनही दाद मिळत नसेल, तर दुसरी चावी वापरून बघा. दोन्ही चालत नसतील तर दोष बहुधा गाडीच्या मोठ्या बॅटरीचा असतो.

कुर्त्याच्या खिशातून चावी धुण्यात गेली असेल तर लगेच उघडा, सेल काढा, फडक्याने टिपून सावलीत एक-दोन दिवस वाळू द्या. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका. वाळल्यावर नवाच सेल घाला.

आता त्या जुन्या सेलाविषयी

‘संपलेला’ हा शब्द आपल्याला फसवतो. रिमोटला गाडीपर्यंत हाक पोचवायची असते, त्याला जास्त ताकद लागते. ती मिळेना, की आपण सेल संपला म्हणतो. नवा सेल ३ व्होल्टचा असतो. रिमोट थकतो तेव्हाही त्यात बहुतेक वेळा दोन व्होल्टहून अधिक शिल्लक असतं. ओल्या जागी पाण्याचं विघटन व्हायला सव्वा व्होल्ट पुरतात. म्हणजे गाडीसाठी निकामी झालेला सेल लेकराच्या घशात अजून जिवंत असतो.

वीस मिलिमीटरचा सेल म्हणजे जवळपास रुपयाचं नाणं. लहान मुलाच्या अन्ननळीत तो नेमका अडकतो. खालीही जात नाही, वरही येत नाही. अन्ननळीचं ओलं अस्तर त्याच्या दोन्ही बाजूंना टेकतं आणि त्यातून वीज वाहू लागते. सेलाच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र क्षार तयार होऊ लागतो. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. अवघ्या दोन तासांत अन्ननळी खोल भाजू शकते. सेल काढल्यावरही ती जखम आत पसरत राहू शकते. ती श्वासनळीपर्यंत किंवा हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोचली तर जीव जातो. कधी हे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही घडतं.

अमेरिकेत टेक्सासमधली रीस नावाची दीड वर्षाची मुलगी रिमोटमधला असाच सेल गिळल्यामुळे डिसेंबर २०२० मध्ये गेली. तिच्या आईने धरलेल्या पाठपुराव्यानंतर २०२२ मध्ये तिथे तिच्याच नावाने कायदा झाला. बटन सेल वापरणाऱ्या घरगुती वस्तूंचं झाकण मुलांना सहज उघडता येऊ नये, आणि सेलाच्या पाकिटावर धोक्याची सूचना हवी, असं त्यात आहे. ऑस्ट्रेलियातही त्याच वर्षी जूनपासून असे नियम सक्तीचे झाले. पण आपल्या घरात कायदा येऊन ड्रॉवर तपासणार नाही. ते आपल्यालाच करायचं आहे.

गिळल्याची शंका आली तर

मूल गिळताना कुणी पाहिलेलं असतंच असं नाही. ते सांगण्याच्या वयाचंही नसतं. लाळ गळणं, खायला नको म्हणणं, खोकला, घशात घरघर, उलटी, छातीत किंवा पोटात दुखतंय असं दाखवणं, ही लक्षणं सर्दी-पडशासारखीच वाटतात. कधी कधी काहीच लक्षण नसतं. म्हणून घरातला एखादा सेल सापडत नसेल, चावीचं किंवा खेळण्याचं झाकण उघडं पडलेलं असेल, तर मूल हसतंखेळतं असलं तरी तपासणी करायची. ‘सकाळपर्यंत बघू’ हे वाक्य इथे म्हणायचं नाही.

थेट अशा दवाखान्यात न्या, जिथे एक्स-रे आणि दुर्बिणीने वस्तू काढण्याची सोय आहे. जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय बहुधा त्यासाठी योग्य. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. वाटेतून दवाखान्याला फोन करून सांगा की येतोय आणि मुलाने बटन सेल गिळल्याची शंका आहे. हे शब्द पोचल्याबरोबर डॉक्टरांनाही स्पष्ट सांगा. एक्स-रेत नाणं आणि सेल दोन्ही गोल दिसतात. सेलाच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं, पण ते शोधायला डॉक्टरांना सेलाची शंका यायला हवी. नाणं असेल तर कधी थांबता येतं, अन्ननळीत अडकलेल्या सेलासाठी थांबता येत नाही. तसाच दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट सोबत न्या, म्हणजे आकार कळेल.

उलटी करायला लावू नका. घशात बोट घालू नका. केळं, भात, तूप, भाकरीचा घास, यातलं काहीही देऊ नका.

याला अपवाद एकच, आणि तो आपल्या घराघरांत असतो. मध. कुरआनात मधमाशीच्या नावाची एक सूरह आहे, सूरह अन्-नहल, आणि मधाविषयी आपल्या मनात आदर आहेच. इथे मात्र मधाचं काम साधं आणि डॉक्टरांनी तपासलेलं आहे. घट्ट मध सेलाभोवती लेप धरतो आणि किंचित आम्ल असल्यामुळे क्षाराचा मारा थोडा मंदावतो. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तासांहून कमी वेळ झालेला असेल, तर दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर मध द्यावा. सहा वेळांहून जास्त नाही. मधाने सेल निघत नाही, फक्त थोडा वेळ मिळतो. घरात मध नसेल तर तो शोधायला थांबू नका.

एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही. काही घरांत नवजात बाळाला मध चाटवायची रीत आहे. डॉक्टर त्यालाही मनाई करतात, कारण त्या वयात मधातून एक गंभीर विषबाधा होऊ शकते.

मुलाने सेल नाकात किंवा कानात घातला असेल तरी तेवढीच घाई करा. आत थेंब किंवा तेल टाकू नका.

घरात आणखी कुठे कुठे

गाडीच्या चावीने सुरुवात केली, पण सेल एकट्या चावीत नसतो. वजनाच्या काट्यात असतो. दादीच्या साखर तपासायच्या यंत्रात असतो. थर्मामीटरमध्ये, नानांच्या कानाच्या यंत्रात, पंख्याच्या चपट्या रिमोटमध्ये असतो. ईदच्या मेळ्यातून आणलेल्या चमकणाऱ्या अंगठ्या, दिवे लागणारी खेळणी, उघडल्यावर गाणारी शुभेच्छापत्रं, या सगळ्यांत तो असतो. आणि उमरा-हजहून आलेले पाहुणे प्रेमाने वाटतात त्या बोटात घालायच्या डिजिटल तसबीहमध्येही असतो. ही तसबीह जायनमाजवर पडलेली राहते, आणि सजद्यात असताना पाठीवर चढणारं लेकरू नेमकं तिथेच असतं. या वस्तूंतले काही सेल बारीक असतात आणि ते पोटातून निघून जाण्याची शक्यता जास्त असते. पण ते निरुपद्रवी नाहीत.

प्रत्येक वस्तूचं झाकण पाहा. स्क्रू असेल तर तो घट्ट करा. नुसत्या नखाने उघडत असेल तर त्यावर मजबूत चिकटपट्टी लावा किंवा ती वस्तू उंचावर ठेवा. गाडीच्या रिमोटचं कवच सैल झालं असेल तर नुसतं कवच बदलून मिळतं, ते बदला. आणि रडणाऱ्या बाळाला गप्प करायला गाडीची चावी हातात द्यायची सवय सोडा. खाली आपटून आणि दातांनी चावून ते कवच उघडतं.

पाहुण्यांनी भरलेल्या घरात हे जास्त सांभाळावं लागतं. इफ्तारच्या वेळी, अकीक्याला, लग्नघरात, टेबलावर चार गाड्यांच्या चाव्या पडलेल्या असतात आणि मुलांकडे पाहायला कुणाचं लक्ष नसतं. दाराजवळ उंचावर चाव्यांसाठी एक खुंटी किंवा परडी ठेवली तर पाहुणेही आपोआप तिथेच ठेवतात.

बरणीत साठलेले जुने सेल ओल्या कचऱ्यात टाकू नका आणि जाळू तर कधीच नका. चिकटपट्टी लावलेली असली की ते एकमेकांना टेकून तापत नाहीत आणि कचऱ्याच्या ढिगात आग लागत नाही. एक लक्षात ठेवा, चिकटपट्टी आगीसाठी आहे. गिळणाऱ्या मुलाला ती वाचवत नाही. म्हणून बरणी बंद आणि उंचावरच हवी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तुमच्या शहरात ई-कचरा गोळा होत असेल तर तिथे द्या. ती सोय नसेल तर घंटागाडीवाल्याला घरगुती घातक कचरा म्हणून वेगळ्या पुडीत, सांगून द्या. कचरा वेचणाऱ्या बाईचंही लेकरू तिच्यासोबत असतं.

वाटेतला दगड-काटा बाजूला करणं हा सदका आहे, असं आपण मुलांना शिकवतो. आपल्या घरातल्या मुलांची वाट फरशीवरून, सोफ्याखालून आणि उघड्या ड्रॉवरमधून जाते. येत्या जुम्याला नमाजहून परतल्यावर दहा मिनिटं काढा. मुलाच्या उंचीवर बसून, ड्रॉवर, टीव्हीखालची फळी आणि शिवणाच्या डब्याचा तळ बघून घ्या. सापडतील ते सुटे सेल बरणीत टाका. चावीचा सेल त्यानंतर बदलला तरी चालेल.